लाल दोऱ्यांच्या मधलं कापड

हॉटेलच्या माणसाने टेप काढून माग मापायला सुरुवात केली, तेव्हा भुवनेश्वरीच्या हातातला ट्रे असा काही लटपटला, की दोन्ही कपांतला चहा बशीत सांडला... आणि सुंदरम्मांनी ते नेमकं पाहिलं! डोळ्यांनी धड दिसत नसलं, तरी सुनेची चूक तेवढी त्यांना बरोबर दिसायची. पाहुण्याकडे वळून त्यांनी हसत सांगितलं, की हिच्या हाताला नेट म्हणून कधी नव्हताच, चहाचं सोडा, मागावर बसली तरी तीच तऱ्हा. पाहुणा अवघडून हसला आणि पुन्हा मापाला लागला.

पुणे रस्त्यावर नवीन हॉटेल होत होतं. आत शिरल्याशिरल्या समोर काचेआड जुना हातमाग दिसावा, असं मालकाच्या मनात आलं होतं, आणि साखर पेठेतल्या या घरातला तीन पिढ्यांचा माग द्यायला सुंदरम्मा कबूल झाल्या होत्या. संक्रांत झाली की टेम्पो येणार होता. शेजारच्या केराबाईने कळवळून विचारलं, तेव्हा सुंदरम्मांनी कारणही सांगून टाकलं होतं. "माझ्यामागं या घरात विणकर न्हाय. तितं निदान चार माणसं बघतील तरी."

विणकर नाही! सांडलेला चहा पुसताना भुवनेश्वरीच्या मनात तेच दोन शब्द पुन्हापुन्हा उसळत होते. लग्न होऊन या उंबऱ्यात आली त्या वर्षापासून ती या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत आली होती. माहेरी अक्कलकोटकडे वडिलांच्या मागावर वाढलेली पोर, तिला दागिन्यांची हौस नव्हती, साड्यांची नव्हती, पण पायाखाली पट्ट्या दबून समोर तिरकी वीण उतरायला लागली, की तिला जगाचा विसर पडायचा. आणि तोच माग आता काचेमागे जाणार होता, तोही का, तर ती आळशी म्हणून... आतल्या आत तिचा जीव नुसता जळत होता, आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

सोय का नव्हती, ते सांगायला हवं.

घरात माग एकच. सकाळी त्यावर सुंदरम्मा बसायच्या, दुपारच्या जेवणानंतर भुवनेश्वरी. जाड ब्लँकेटं विणायची, तिरक्या विणीची, बाजारात जिला ट्विल म्हणतात ती. कुणाचं काम कुठून कुठवर झालं ते कळावं म्हणून बसताना आणि उठताना कापडाच्या काठाला आपला दोरा बांधायची रीत होती. सुंदरम्मांचा दोरा लाल, सुनेचा हिरवा. संध्याकाळी दिवा लावला, की सुंदरम्मा आपल्या कोपरापासून बोटापर्यंतच्या हाताने दोघींच्या दोऱ्यांमधलं कापड मोजायच्या आणि रोज तेच म्हणायच्या, की या वयात मी दीड हात विणते आणि ही तरणीताठी बाई वीतभर! केराबाईसमोर म्हणायच्या, सणावाराला आलेल्या पाहुण्यांसमोर म्हणायच्या. भुवनेश्वरी खाली मान घालून भाकरी थापत राहायची.

आणि खरी गोष्ट अशी होती, की तो लाल दोऱ्यांमधला दीड हातही तिनेच विणलेला असायचा.

सासरे गेले त्या वर्षी व्यापारी संगप्पाने तिला दुकानात बोलावून घेतलं होतं. दोन ब्लँकेटं तिच्यासमोर उजेडात धरली. वीण जागोजागी सैल, कुठे पट्टी चुकलेली, कुठे आडवा धागा दाबून बसवणाऱ्या फणीचा ठोका नुसता लागला न लागला असा. सुंदरम्मांच्या हातचं कापड ते! संगप्पा भला माणूस, त्याने हळूच सांगितलं, की अम्मांना बोलू नका, पण असला माल मला पुन्हा चालायचा नाही. अम्मांच्या हाताला कंप सुटला होता, कान मंदावले होते, स्वतःचा ठोका त्यांना नीट ऐकू येत नव्हता. हे आज सांगूनच टाकायचं, असा निश्चय करून भुवनेश्वरी घरी आली.

घरी आली, तर सुंदरम्मा नुकत्याच मागावरून उठून जेवायला बसलेल्या. नवरा गेल्यापासून ज्या बाईने धड अन्नाचा घास घेतला नव्हता, ती त्या दिवशी अख्खी भाकरी खात होती, आणि म्हणत होती, की हा माग आहे म्हणून मी आहे बघ, नाहीतर मीही त्यांच्यामागे गेले असते... संगप्पाचं बोलणं मनातच ठेवून भुवनेश्वरीने त्यांना आणखी भाजी वाढली. दुपारी सासू झोपल्यावर तिने लाल दोरा सोडला, सकाळचं सगळं कापड धाग्याधाग्याने उकललं, पुन्हा घट्ट विणलं आणि लाल दोरा होता तिथेच बांधला. अम्मा सावरेपर्यंत थोडे दिवस करू, असं तिला वाटलं होतं. पण त्या थोड्या दिवसांची वर्षं झाली. उकलून पुन्हा विणण्यात दुपार सरायची, आणि तिच्या स्वतःच्या हिरव्या दोऱ्याच्या वाट्याला वीतभर कापड उरायचं. संगप्पा मात्र खूश होता. म्हाताऱ्या हातातली कला बघा, म्हणून तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

नवऱ्याला, सिद्धारामला, तिने कधी सांगितलं नाही. तो चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यात कामाला. पाळीवरून दमून यायचा, आईच्या शब्दाबाहेर नव्हता आणि बायकोवरही त्याची माया होती. माग जाणार म्हटल्यावर तो तिला समजावत म्हणाला, की बरंच झालं, तुझीही सुटका होईल. सुटका! त्या एका शब्दाने तिला असं एकटं वाटलं, की त्या दिवशी तिने त्याच्या भाजीत मीठच घातलं नाही, आणि त्याने ते निमूट खाल्लं, याचाही तिला राग आला.

एक शब्द बोललं, तर माग राहणार होता. पण तोच शब्द सुंदरम्मांना संपवणार होता. काय करावं माणसाने?

त्यातच सुंदरम्मांनी नवीन टूम काढली. माग जायच्या आधी त्यांना एक शेवटचं ब्लँकेट विणायचं होतं, विकायला नाही, स्वतःसाठी. एका संध्याकाळी सिद्धारामला जवळ बसवून त्यांनी शांतपणे सांगितलं, की मी गेले की दुकानातलं कापड माझ्या अंगावर घालू नका, माझ्या हातचं हे घाला. सिद्धाराम पोरासारखा रडला. भुवनेश्वरी दारात उभी होती, तिचेही डोळे भरून आले, आणि त्याच वेळी मनातून संताप उसळला, की आता हेही मीच विणायचं का... सासूचं मरणाचं पांघरूणसुद्धा खोटंच विणायचं!

नाही. हे एवढं उकलायचं नाही, असं तिने ठरवलं. जसं असेल तसं, सैल असो, चुकलेलं असो, ते अम्मांचंच राहू दे.

दुसऱ्या दिवशी सुंदरम्मा सकाळभर विणत बसल्या. उठल्या, तेव्हा चेहऱ्यावर लहान मुलीसारखं समाधान होतं. कापडावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, की केराबाईला दाखवायला हवं, अजून हात गेला नाही माझा. मग जेवल्या आणि झोपल्या. भुवनेश्वरी मागाजवळ गेली. बोट लावलं तर धागे सरकत होते, मध्ये वीतभर तर वीण अशी विस्कटली होती, की धुतल्यावर तिथे भोकच पडलं असतं. हे केराबाई बघेल, सगळी पेठ बघेल, आणि सगळ्यांत शेवटी अम्माही बघतील!

तिचा निश्चय किती टिकला म्हणता? तिने दोरा सोडला आणि उकलायला बसली. पण त्या दुपारी तिचे डोळे काही केल्या थांबेनात. आपण कुणासाठी हे करतोय, कुणाला त्याची पर्वा आहे, उद्या हा माग काचेमागे जाईल आणि लोक पुढे उभे राहून फोटो काढतील... रडत, नाक पुसत ती विणत राहिली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत लाल दोरा बांधून, कापड रुळावर गुंडाळून मोकळी झाली.

माग अरुंद. म्हणून ब्लँकेटाच्या दोन पट्ट्या विणायच्या आणि मध्ये शिवून जोडायच्या. दिवस थोडे, म्हणून दुपारी सुनेने आपला वीतभर हिरवा तुकडा विणायला सुंदरम्मांची ना नव्हती. संक्रांतीच्या तोंडावर दोन्ही पट्ट्या विणून झाल्या, कापून उतरवल्या, आणि शिवायच्या आधी सुंदरम्मांनी त्या अंगणात लख्ख उन्हात शेजारी शेजारी अंथरल्या. ऑपरेशन झालेल्या एका डोळ्याने उन्हात त्यांना बरं दिसायचं. वाकून, गुडघ्यांवर बसून त्या कापड न्याहाळू लागल्या. भुवनेश्वरी पापड वाळत घालत होती. एक रांग घालून झाल्यावर तिने वळून पाहिलं.

सुंदरम्मांचं बोट एका जागी थांबलं होतं. तिथे दोन लाल दोऱ्यांच्या मध्ये विणीची तिरकी रेघ उलटी झुकली होती. सगळं कापड उजवीकडे चढत होतं आणि तेवढा तुकडा डावीकडे!

भुवनेश्वरीने ती रेघ लगेच ओळखली. या घरात पायपट्ट्या डावीकडून उजवीकडे दाबायची रीत, तिच्या माहेरी उजवीकडून डावीकडे. लग्नानंतरचं पहिलं वर्ष तिने त्यासाठी किती बोलणी खाल्ली होती, तेव्हा कुठे पाय वळले होते. आणि त्या रडत्या दुपारी तेच पाय आपल्या माहेरी गेले होते, तिला कळलंही नव्हतं.

सुंदरम्मांनी डोळे मिटले आणि तळहात कापडावरून सावकाश फिरवत नेला, लाल दोऱ्यापासून हिरव्यापर्यंत, हिरव्यापासून पुन्हा लालपर्यंत, मग दुसऱ्या पट्टीवर. दोन बायकांचा ठोका कधी एकसारखा नसतो. या कापडात सगळीकडे एकच ठोका होता.

"कदीपासनं?" त्यांनी विचारलं.

भुवनेश्वरीला खोटं बोलता आलं असतं. पण ती इतकी थकली होती, की तेवढाही जोर उरला नव्हता. "मामंजी गेले त्या वर्षापासनं," ती म्हणाली.

"इतकी वर्सं? इतकी वर्सं मला येडी केलीस?" सुंदरम्मांचा आवाज चिरका झाला. "पेठेत मी मान वर करून फिरले, माझा हात, माझा हात म्हणून... आणि तू मनातल्या मनात हसलीस?"

मग मात्र भुवनेश्वरीचा बांध फुटला. एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम वर आलं.

"हसायला येळ कुटं होता अम्मा? सकाळचं तुमचं उकलायचं, दुपारी तेच विणायचं, सांजच्याला तुमी हात लावून मोजायचं आणि चार माणसांत मला आळशी म्हणायचं. मी खाली मान घालून ऐकायचं. येडी कोण झाली, सांगा की. तुमी जेवावं म्हणून केलं मी. तुमी त्या दिवशी भाकरी खाल्ली म्हणून केलं. आणि तुमी माझा मागच देऊन टाकला." पापडाची परात तिथेच टाकून ती आत गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

त्या संध्याकाळी सुंदरम्मा जेवल्या नाहीत, सिद्धाराम एकदा आईकडे, एकदा बायकोकडे जाऊन आला आणि काही न समजता आडवा झाला. अंगणातल्या पट्ट्या सुंदरम्मांनी स्वतः उचलल्या, थरथरत्या हातांनी शिवल्या, टाके वेडेवाकडे पडले तरी शिवल्या, आणि उलट्या विणीच्या तुकड्यासकट ते ब्लँकेट घडी करून आपल्या ट्रंकेत ठेवून दिलं.

संक्रांत झाली आणि एका सकाळी टेम्पो आला, माणसं दोऱ्या घेऊन उतरली. भुवनेश्वरी स्वयंपाकघरातच बसून राहिली, तो माग उचलताना बघायची तिची ताकद नव्हती. बाहेरून सुंदरम्मांचं बोलणं ऐकू आलं. उतरलेल्या माणसांना त्या सांगत होत्या, की तुमचा हेलपाटा झाला, चहा घेऊन जा, पण माग द्यायचा नाही. माणसांनी कारण विचारलं. सुंदरम्मा पेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "माझी सून विणकर हाय. माझा हात गेला, त्याला लई वर्सं झाली."

केराबाई तिच्या दारात उभी होती. तिनेही ऐकलं.

भुवनेश्वरी धावत बाहेर आली आणि सासूच्या पायांशी बसली, त्यांचे पाय घट्ट धरून म्हणाली, की असं का सांगितलंत, सगळ्यांसमोर का सांगितलंत... सुंदरम्मांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. चहा टाक जा, माणसं खोळंबलीत, एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर सुंदरम्मा मागावर कधी बसल्या नाहीत. भुवनेश्वरीने विनवलं, सिद्धारामने विनवलं, हट्टी बाई ती, ऐकते कसली! सकाळची वेळ सुनेची झाली. पहिले दोन दिवस त्या नुसत्या भिंतीला टेकून ठोका ऐकत बसल्या, आणि भुवनेश्वरीला त्या ठोक्याची लाज वाटत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी चरखा ओढून घेतला आणि धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला बसल्या. ज्या घरात माग असतो तिथे हे काम शिकाऊ पोरींचं.

सुंदरम्मांनी पहिली कांडी भरून पुढे केली. भुवनेश्वरीने ती धोट्यात घातली, धोटा फेकला, आणि सूत भसकन सुटून गुंतलं. कांडी सैल भरलेली होती. तिने सवयीने ती हळूच काढली आणि पदराखाली घेतली, दुपारी आपणच भरून टाकू म्हणून. आणि मग तिचा हात थांबला. सुंदरम्मा तिच्याकडेच बघत होत्या.

भुवनेश्वरीने कांडी पदराखालून काढली आणि सासूच्या पुढे धरली.

"अम्मा, ही सैल झालीय. परत भरा."

सुंदरम्मांनी कांडी हातात घेतली, बोटाने दाबून पाहिली आणि मान हलवली. मग सगळं सूत उकलून त्या पुन्हा भरायला बसल्या.