बावीस नंबरचं दार

दादाचा लॅपटॉप परत द्यायला धाकटा भर दुपारी कंपनीत गेला. तेवढंच काम होतं. लॅपटॉप बंदच होता. बॅटरी फुगली म्हणून दादानंच मागे काढून टाकली होती. फरशा बसवणाऱ्या धाकट्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

साहेबांनी मात्र चोराकडे बघावं तसं बघितलं.

"दादाच्या नावानं रोज कोणीतरी सर्व्हरमध्ये शिरतंय. तूच ना?"

"मी? साहेब, मला मोबाइलचा गजर लावता येत नाही."

"फायरवॉल म्हणजे भिंत. त्यात बावीस नंबरचा पोर्ट एवढं एकच दार, तेही तुझ्या दादाला घरून मशीन सांभाळता यावं म्हणून. मी रोज बंद करतो. रोज उघडं सापडतं."

धाकट्याला आठवलं. दादा जेवताना सांगायचा, "लांबून दार लावलं की आपणच बाहेर अडकतो रे. म्हणून मशीनला सांगून ठेवायचं, आधी विचार, बंदच ठेवू का? दहा मिनिटांत कोणी 'हो' म्हटलं नाही, तर आपोआप उघड." सर्व्हरच्या खोलीचं कुलूपही त्यानं तसंच जोडलं होतं.

त्याच खोलीत दादा गुदमरून गेला. आग विझवायचा वायू सुटला, कुलूप अडकलं, असं कंपनीनं सांगितलं.

धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली. "कुलूप आपोआप उघडायला हवं होतं. 'हो' कोणी म्हटलं, साहेब?"

साहेबांचा माउसवरचा हात थांबला. "मशीन बिघडलं होतं. तोंड सांभाळ."

ते तडक काचेपलीकडच्या थंडगार खोलीत शिरले. बावीस नंबर आता मशीनवरूनच बंद करणार होते. दार मिटलं, पंख्यांची घरघर अचानक दबली. त्यांनी कळ दाबली, तसं त्यांच्यामागे दाराचं कुलूप खट्कन लागलं.

साहेबांनी दार ओढून पाहिलं. मग कसनुसं हसत काचेतून दोन्ही पंजे दाखवले... दहा मिनिटं.

धाकट्याच्या मांडीवर काहीतरी कोमट लागलं. लॅपटॉप. त्यानं झाकण उचललं. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती: बंदच ठेवू का?

त्यानं झटक्यात हात काखेत दडवले. "साहेब... मी हात लावला नाही..."

एक कळ आपसूक खाली गेली. मग दुसरी.

हो.

साहेबांनी ते आतल्या मशीनच्या पडद्यावर वाचलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हात जोडून ते काचेला चिकटले. "चुकून... त्या दिवशी चुकून 'हो' दाबलं रे... नेहमीसारखं... तो आत आहे हे बघितलंच नाही..."

वायूची बारीक शिट्टी सुरू झाली. धाकट्यानं लॅपटॉप टेबलावर टाकला, खुर्ची उचलली आणि काचेवर धाव घेतली.

मागे कळा वाजल्या. त्यानं वळून पाहिलं.

धाकट्या, तू बाहेरच थांब.