थोरल्याच्या सहा गोळ्या

हसा, हसून घ्या. दोन दिवस पाट्या उचलल्या नाहीत तोच कंबर धरून गोळ्यांचं पाकीट काढलंत, म्हणून आठवलं. माणसं माझ्या ओळखीची. नावं विचारू नका.

दोघे भाऊ होते, दोघेही जमिनी करणारे. फरशी म्हणा, सिमेंटचा कोबा म्हणा, थोरल्याने केलेल्या जमिनीवर पाणीसुद्धा त्याला विचारून वाहायचं. धाकटा त्याच्याच हाताखाली तयार झालेला. उकिडवं बसून बसून थोरल्याची कंबर धरली आणि गडी अकरा दिवस अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या दिल्या. वर बजावलं, "रात्री एकच. तुमची किडनी आधीच अधू आहे."

शुक्रवारची रात्र. साडेनऊला धाकटा जेवून उठला.

"कोब्यावर ओली पोती टाकलीस का?" थोरल्याने पडल्या पडल्या विचारलं.

"सकाळी टाकतो की."

"सकाळी तडे मोजत बसशील. आत्ता जा. उद्या मी येतोच आहे कामावर."

"तू? कुशीवर वळताना आईच्या नावाने ओरडतोस!"

"सहा गोळ्या घेतल्यात आत्ताच. रोज एकेक कोण घेत बसणार? एकदम उरकून टाकलं."

धाकट्याला हसू आलं. थोरल्याचं सगळं असंच, एका दमात. वहिनी मोरीत भांडी घासत होती, तिच्या कानावर काही गेलं नाही. यानेही सांगितलं नाही. सायकल काढली आणि निघाला.

इमारत नवी, अजून कोणी राहायला आलेलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत त्याने दुपारीच कोबा घातला होता. दिवे नव्हते. बॅटरी उंबऱ्यावर ठेवून त्याने पोती भिजवली आणि बाहेरूनच एकेक पसरायला लागला. सव्वादहा झाले असतील.

खोलीत कोणीतरी श्वास घेतला.

लांब, ओढलेला श्वास. मग काहीच नाही. धाकटा थांबला. इतका वेळ काहीच नाही, की त्याला वाटलं भास झाला. आणि मग... दुसरा.

त्याने बॅटरी उचलली.

समोरच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून थोरला बसला होता.

मान छातीवर. जबडा सुटलेला. डोळे अर्धे उघडे, पण बुबुळ हलत नव्हतं. ओठ निळसर. हात मांडीवर असे पडलेले, जसे दुसऱ्या कोणाचे असावेत. आणि मधल्या ओल्या कोब्यावर... एकही पाऊल नव्हतं.

"दादा?"

उजव्या हाताचं एक बोट थोडंसं उचललं. पडलं. पुन्हा उचललं... पुन्हा पडलं.

धाकट्याने दार ओढलं. बाहेरून कडी घातली. चार मजले कसे उतरला, त्याला आजही सांगता येत नाही.

पेट्रोल पंपाच्या उजेडात येऊन त्याने घरी फोन लावला.

"वहिनी, दादा कुठाय?"

"कुठे असणार? झोपलेत. अकरा दिवसांत पहिल्यांदा कण्हत नाहीत, छान घोरताहेत. तुमचा आवाज का असा? उठवू का त्यांना?"

त्याचा जीव भांड्यात पडला. दादा घरी आहे. म्हणजे वर बसलंय ते दादा नाही.

"नको," तो म्हणाला. "झोपू दे."

घरचा रस्ता त्या इमारतीवरूनच जायचा. त्याची हिंमत झाली नाही. पंपावरच्या माणसाच्या खुर्चीशेजारी तो पहाटेपर्यंत बसून राहिला. पावणेपाचला फोन वाजला.

"भाऊजी, लवकर या हो... हात उचलला की तसाच पडतोय..."

हॉस्पिटलात त्यांनी छाती दाबली, नळी घातली. पण उशीर झाला होता. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजल्या.

"या औषधाने हातपाय ढिले पडतात," ती म्हणाली. "किडनी अधू असली की ते अंगाबाहेरच पडत नाही. मग श्वाससुद्धा ढिला पडतो. माणसाला हलता येत नाही, हाक मारता येत नाही. ते घोरणं नव्हतं."

"पण... वाचला असता?" धाकट्याने विचारलं.

"रात्रीच आणलं असतं तर मशीनने श्वास दिला असता. दोन-तीन दिवसांत औषध उतरतं. बहुतेक जण उठून बसतात."

वहिनी उठवते म्हणाली होती, आणि यानेच नको म्हटलं होतं. सहा गोळ्यांचं त्याला ठाऊक होतं, हे त्याने तिला अजून सांगितलेलं नाही. मला सांगितलं.

आठ दिवसांनी तो आणि मी त्या खोलीची कडी काढायला गेलो. त्याला एकट्याला जाववेना. पोती वाळून कडक झाली होती. खाली कोबा दगडासारखा, कुठे चरा नाही, तडा नाही.

मग त्याने आतून दार लोटून घेतलं.

दाराच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, सिमेंटने माखलेल्या हाताचा पंजा उमटला होता. खाली घसरत गेलेला.

सिमेंट एका रात्रीत धरतं, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

त्याने बोट लावून पाहिलं.

ओलं होतं.