म्यानात बसलेली तलवार

सकाळी कारकुनाने खिडकी उघडली, टेबल पुसले, किटलीत पाणी घातले आणि ते उकळण्याआधीच दारावर टकटक झाली. तपासनीसांनी जड डोळे उघडले. अलीकडे झोपूनही त्यांचा शीण जात नसे.

आलेली वृद्धा नौदलातल्या एका दिवंगत डॉक्टरांची पत्नी होती.

"भिंतीवरची तलवार ह्यांची नाही," ती म्हणाली. "जन्मभर वरून मीच पुसली. मूठ हाताला वेगळी लागते. मुलगा म्हणतो, माझं डोकं फिरलंय. उद्या वृद्धाश्रमात पोचवणार आहे मला."

"डॉक्टरसाहेब ती कधी उपसायचे?"

"डॉक्टरला काय उपसायचंय? आमच्या लग्नात केक कापायला गेले, तर निघेचना. खारं पाणी शिरून पातं म्यानातच गंजलेलं. सगळे पोट धरून हसले. पुढे कोणी ओढलीच नाही."

साठी बुद्धी नाठी, कारकुनाच्या मनात आले.

वृद्धेच्या घरी मुलगा आईचे कपडे बॅगेत भरत होता. "परवा आलो तेव्हा मीच पुसली. पातं आरशासारखं लख्ख. बाबांनी ती मला दिलीय. आईचं काय ऐकता?" म्हणत तो बॅग उचलून आतल्या खोलीत गेला.

मुलगीही नौदलात डॉक्टर. संचलनाला निघाली होती. पांढरा गणवेश, कमरेला तलवार. "सगळ्यांच्या सारख्याच असतात," ती म्हणाली. "आईला काय फरक कळणार?" बोलताना तिने आईकडे पाहिले नाही.

"साहेब, चोरीच नाही, तर शोधायचं काय?" कारकून कुजबुजला.

तपासनीस खुर्चीत टेकले. "चोर वस्तू नेतो, बदली ठेवत नाही. बदली तोच ठेवतो, ज्याच्याकडे तशीच दुसरी असते. गंजून बसलेली तलवार परवा लख्ख निघाली, म्हणजे ती त्याआधीच बदललेली. डॉक्टर, तुमची जरा उपसता?"

"आम्ही डॉक्टर तलवार उपसत नाही."

"म्हणून तर पचलं."

तिने मूठ धरली, पण ओढली नाही. कारकुनाने ओढून पाहिली. तलवार जागची हलली नाही.

"तो विकून टाकेल ती," मुलगी हळूच म्हणाली. "मी मागितली, तर बाबांनी मला नवी घेऊन दिली. मला त्यांची हवी होती."

"घेतलीस त्याचं काही नाही गं," आई म्हणाली. "तो मला वेडी म्हणत होता, तेव्हा तू इथेच बसली होतीस."

मुलीने टोपी काढली, संचलनाला येत नसल्याचा फोन केला आणि आतल्या खोलीचे दार ढकलले.

"दादा, हातातलं ठेव जरा," तिचा आवाज ऐकू आला. "आईचं डोकं ठिकाणावर आहे. खोटं मी बोलले."