जो लिहील तो वर

केर्तूच्या धाकट्या बहिणीच्या जुळ्यांचं नामकरण झालं, ते वर्ष दोन हजार नऊ. दोन्ही पोरं चर्चमध्ये एका सुरात रडली, आणि केर्तूने दुसऱ्याच दिवशी त्यांचे अकरा फोटो आपल्या ब्लॉगच्या कडेला लावून टाकले, एकामागून एक आपोआप बदलत राहतील असे. तिथे आधीच गर्दी काही कमी नव्हती.

केर्तू सव्वीस वर्षांची. राउमा गावात, लाकडी घरांच्या जुन्या गल्लीत मार्ता मावशीचं लोकरीचं दुकान होतं, तिथे ती काम करायची. हातमोजे, पायमोजे, टोप्या विणायची आणि त्यांच्याबद्दल ब्लॉगवर लिहायची. लिहायची छान. फिनलंडभरच्या विणणाऱ्या बायका तिचं वाचत. पण अलीकडे त्यांची तक्रार होती, की पान उघडेपर्यंत कॉफी गार होते. म्हणून त्या सप्टेंबरात वाचनालयात ब्लॉग नीटनेटका करायचा सहा शनिवारांचा वर्ग निघाला, तेव्हा मावशीनेच तिचं नाव घातलं.

पहिल्या शनिवारी पाऊस होता. बारीक, आडवा, छत्रीला न जुमानणारा. केर्तू भिजून पोचली तीही उशिरा. संगणक आठ आणि माणसं नऊ. शिकवायला ग्रंथपाल रायलीबाई होत्या.

"त्या कोपऱ्यातल्या मुलाशेजारी बस," त्या म्हणाल्या. "एका संगणकावर दोघं. भांडू नका."

कोपऱ्यातल्या मुलाने खुर्ची सरकवली. उंच, विस्कटलेल्या केसांचा, हाताला डांबराचा वास. त्याने स्वतःचा रुमाल काढून पुढे केला, मग त्यावरचे काळे डाग पाहून परत खिशात घातला.

"राहू दे," केर्तू हसली. "मी वाळेन आपोआप."

त्याचं नाव ओत्सो. राहायला रेपोसारीच्या बंदरावर, दोन बस बदलून यावं लागे इतकं लांब. आजोबांची जुनी लाकडी नाव दुरुस्त करत होता आणि तिच्याबद्दल ब्लॉग लिहीत होता. लिहीत होता म्हणजे… दोन महिन्यांतून एकदा, दोन ओळी.

रायलीबाईंनी सगळ्यांना आपापलं पान उघडायला सांगितलं. केर्तूचं उघडलं. म्हणजे उघडायला लागलं. आधी वरून बर्फ पडायला लागला. मग घड्याळ आलं. मग तीन गावांचं हवामान, दिनदर्शिका, येणाऱ्यांची मोजणी, 'तुम्हाला कुठली लोकर आवडते' हा कौल, विणणाऱ्यांच्या मंडळांचे सहा बिल्ले, जुळ्यांचे फोटो, आणि शेवटी एक मांजर, जे माऊसच्या बाणामागे धावत सुटलं.

ओत्सोने आधी बर्फाकडे पाहिलं, मग मांजराकडे.

"बोल ना," केर्तू म्हणाली.

"बर्फ… उन्हाळ्यातही पडतो?"

"बारा महिने."

"आणि घड्याळ? संगणकाला स्वतःचं घड्याळ असतं की."

"हे जास्त गोड आहे!"

"मांजर लोकांना वाचू देतं?"

"तू जरा तुझं दाखव बघू."

त्याने दाखवलं. पांढरं पान, दोन ओळी, एक फळीचा फोटो. कडेची पट्टी रिकामी. अगदी काही म्हणजे काही नाही.

"अरे, इथे माणूस आला तर बसेल कुठे?" केर्तू म्हणाली. "तू कोण, जुनं लिखाण कुठे, काही शोधायचं तर कसं… पाहुण्याला दारातून परत पाठवतोस तू."

"पाहुणे येत नाहीत."

"येतील कसे!"

रायलीबाई मागे उभ्या होत्या. "छान," त्या म्हणाल्या. "एकाकडे बाजार, दुसऱ्याकडे माळरान. तुम्ही एकमेकांची पट्टी लावा. तिने घालायचं, तू काढायचं. कडेला ठेवायचं ते वाचणाऱ्याला उपयोगी पडणारं, आपल्याला गोड वाटणारं नव्हे. कडेच्या या एकेका वस्तूला विजेट म्हणतात; ती सातच्या वर दिसली तर मी स्वतः उडवीन."

मग सहा शनिवार ते दोघं त्या एका संगणकासमोर बसले. ओत्सोने बर्फ थांबवला. घड्याळ काढलं, दोन गावांचं हवामान काढलं, एक राउमाचं ठेवलं. दिनदर्शिका, मोजणी, कौल, बिल्ले, जुळ्यांचे फोटो, सगळं उतरवलं. मांजराच्या वेळी केर्तूने माऊसवरचा त्याचा हात धरला.

"उद्या," ती म्हणाली.

"मागच्या शनिवारीही उद्याच म्हणाली होतीस."

"मागच्या शनिवारी तुझी नजर एवढी निर्दय नव्हती."

हात तिने लगेच सोडला नाही. त्यानेही सोडवून घेतला नाही. मांजर आणखी आठवडाभर जगलं.

वर आला शोधायचा रकाना. मग दुकानाच्या वेळा. ही मावशीची अट होती. मग विषय, जुनं लिखाण, ताज्या प्रतिक्रिया. केर्तूने त्याच्या पानावर त्याचा फोटो घातला, नावेची हकिगत घातली, आणि सहाव्या शनिवारी प्रतिक्रिया आधी तपासून मगच छापायची सोय करून दिली. "नाहीतर कोणीही येऊन काहीही लिहील," ती ठसक्यात म्हणाली.

तिच्या पट्टीत सातवी जागा उरली होती. तिथे तिने आवडत्या ब्लॉगांची यादी लावली. अठरा विणणाऱ्या बायका आणि एकोणिसावा ओत्सो.

"मी कुठे दिसेन?" त्याने विचारलं.

"ते तुझ्यावर. ज्याने सगळ्यात शेवटी लिहिलं तो सगळ्यात वर. नाव, मथळा, आणि किती वेळापूर्वी लिहिलं ते. जो लिहील तो वर."

"आणि जो लिहिणार नाही?"

"तो जातो खाली. बुडतच जातो."

संध्याकाळी थांब्यावर, बसच्या दारात पाय ठेवताना तो मागे वळून म्हणाला, "नाववाल्याला बुडायचं भय दाखवू नये."

सोमवारी सकाळी केर्तूने दुकान उघडायच्या आधी पान उघडलं. यादीत सगळ्यात वर ओत्सो. 'आज एक खिळा हरवला.' चार मिनिटांपूर्वी.

मंगळवारी: 'खिळा सापडला.' बुधवारी: 'पाऊस. नाव कोरडी, मी ओला.' गुरुवारी: 'तळ खरवडला. डांबर नाकाला लागलं.' एका सकाळी तर नुसतं: 'आज काही नाही. पण नमस्कार.'

दोन महिन्यांतून दोन ओळी लिहिणारा माणूस रोज लिहायला लागला. यादीतली औलू गावची लेम्पी पहाटे शालीवर सात परिच्छेद लिहून वर चढली, की अर्ध्या तासात ओत्सो खिळा, फळी नाहीतर करवत घेऊन तिच्या डोक्यावर. केर्तू कॉफीचा पेला हातात घेऊन एकटीच हसायची. मग आपल्या लिखाणात मध्येच एखादं वाक्य घुसवायची: 'मोज्याची टाच उसवावी लागली, डांबर नाकाला लागलेल्यांनी हसू नये.' बायकांना वाटायचं, हा काहीतरी समुद्राकडचा वाक्प्रचार असेल.

"काय ग, हिशेब चुकवतेस आणि हसतेस," मार्ता मावशी म्हणायची. मावशी चौऱ्याहत्तरची, जिभेला धार. "नाव काय पोराचं?"

"कुठल्या पोराचं?"

"बरं. नाव नसलेल्या पोराला माझा नमस्कार सांग."

असा नाताळ गेला. मग जानेवारीत लेम्पीचा बांध फुटला. तिने केर्तूच्या हातमोज्यांखाली सगळ्यांदेखत लिहिलं: 'बाई, आम्ही आठवडा आठवडा खपून एक पान लिहितो, आणि तुझ्या यादीत वर बसतो कोण? खिळेवाला! आम्हाला वाचणारे तुझ्या यादीवरूनच येतात. आम्ही काय त्याच्या नावेखालच्या फळ्या आहोत?' खाली चौदा जणींनी मान डोलावली.

ब्लॉगवाल्यांत ही यादी म्हणजे पंगत असते. कोणाला कुठे बसवलं हे सगळे बघतात. केर्तूचे कान तापले. तिला वाटलं, आपलं गुपित चौदा जणींनी पाहिलं. त्याच संध्याकाळी तिने यादी बदलली. ताजं वर येण्याची सोय बंद. हातमोजेवाल्या एकीकडे, शालवाल्या एकीकडे, पायमोजेवाल्या त्यांच्याखाली. मथळे नाहीत, वेळ नाही, नुसती नावं. आणि तळाला 'इतर'. त्यात एकच नाव होतं.

काम इतकं नीटनेटकं झालं की रायलीबाई खूश झाल्या असत्या.

दुसऱ्या सकाळी केर्तूने ओत्सोचं पान मुद्दाम शोधून उघडलं. नवीन काही नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला. तिने प्रतिक्रिया लिहिली, 'बरा आहेस ना?' आणि समोर अक्षरं आली: तुमची प्रतिक्रिया तपासणीसाठी थांबली आहे. तपासणी तिनेच लावून दिली होती. फोन नंबर कधी घेतलाच नव्हता. रोज सकाळी जो माणूस समोर असतो त्याचा नंबर कोण घेतो?

तिने यादी परत पहिल्यासारखी केली. आणि तीच खरी शिक्षा झाली. आता तो दिसायचा, पण बुडताना. सातवा. बारावा. सोळावा. 'तीन आठवड्यांपूर्वी.' मग अगदी तळाशी, एकोणिसावा.

"मावशी," एका दुपारी ती म्हणाली, "मी फक्त यादी आवरली."

मावशीने सगळं ऐकून घेतलं. सुया बाजूला ठेवल्या.

"म्हणजे तो पोरगा रोज तुझ्या खिडकीवर खडा मारत होता, आणि तू शेजारणींच्या भीतीने खिडकीला पडदा लावलास. तो काय समजणार?"

"पण मी पडदा काढला ना परत!"

"त्याला कोण सांगणार? तो अजून तिथे उभा राहील होय? जा. दुकान मी बघते. आणि चांगली टोपी घाल, ही चहाच्या किटलीवरची दिसते."

रेपोसारीला दुसरी बस पोचली तेव्हा बंदराचं पाणी गोठलेलं होतं, आणि वारा गालाला सुयांसारखा टोचत होता. बेकरी तेवढी उघडी होती. केर्तूने आत जाऊन ओत्सोची नाव ठेवायची पडवी कुठे, असं विचारलं.

बेकरीवाल्या बाईने तिला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. "नाव दुरुस्त करतो तो? खाली, लाल पडवी. त्याला म्हणावं, माझे पाव उरतात."

"म्हणजे?"

"पडवीत त्याच्याकडे इंटरनेट नाही, घरीही नाही. इथे माझा संगणक आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून रोज सकाळी सहाला हजर. नुसतं कसं बसायचं म्हणून एक दालचिनीचा पाव घ्यायचा. दोन ओळी लिहायचा, मग वाट बघत बसायचा, कोणी वर चढतंय का. चढलं की परत दोन ओळी, परत एक पाव. आणि समोर बघून हसायचा. मला आपलं वाटायचं, पावावर खूश आहे." बाईने काउंटर पुसला. "महिन्याभरापूर्वी आला, बघितलं, पाव अर्धा टाकून गेला. तेव्हापासून नाही."

केर्तूने दोन पाव घेतले. पिशवी कोटाखाली धरून ती खाली निघाली.

लाल पडवीत नाव उलटी घालून ठेवलेली होती आणि तिच्याखालून दोन बूट बाहेर आले होते.

"ओत्सो."

बूट थांबले. मग सगळा माणूस सरकत बाहेर आला. नाकाला डांबर.

"तू…" तो म्हणाला.

"तू लिहीनासा झालास."

"यादी पाहिली. मी 'इतर'." तो हात पुसत राहिला, पुसून झाले तरी. "बरोबरच होतं. मी विणत नाही. उगाच वर चढून बसत होतो. मला वाटलं, तू सांगतेयस… आता पुरे, म्हणून."

"मी तुला काही सांगत नव्हते. मी लेम्पीला भीत होते."

"औलूच्या?"

"तिला चार हजार वाचक आहेत!"

त्याला हसू आलं. केर्तूला मात्र रडूच येईलसं वाटलं, म्हणून ती भराभर बोलली. "माझं चुकलं. चौदा बायकांची मर्जी राखायला गेले आणि माझीच सकाळ घालवून बसले. यादी पहिल्यासारखी केलीय, तू बघायलाही आला नाहीस. तुझं नाव रोज खाली जाताना बघत होते मी. मला ते बघवत नाही, ओत्सो. हे सांगायला दोन बस बदलून आलेय."

पडवीच्या पत्र्यावरून बर्फाचा एक ढीग धप्पकन घसरला.

"मला दोनच ओळी येतात," तो हळूच म्हणाला.

"मला दोनच पुरतात."

"आत्ता सांगू?" त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही. "आज केर्तू आली. तिने परत जाऊ नये असं… गेल्या सप्टेंबरपासून वाटतंय."

"ही दुसरी ओळ लांब झाली."

"मग थोडी छोटी कर."

तिने केली. डांबर तिच्याही नाकाला लागलं.

दुसऱ्या दिवशी केर्तूने आपल्या पानावर सरळ लिहून टाकलं: 'यादी जो लिहील तो वर अशीच राहील. खिळेवाला वर बसतो, कारण तो माझ्यासाठी लिहितो.' अर्ध्या तासात लेम्पीची प्रतिक्रिया आली: 'अग मग आधी सांगायचं ना, बाई! आम्ही आपल्या दारावरची पाटी गेल्यासारख्या भांडत होतो. लग्नाचे हातमोजे मी विणणार, दोघांचे. त्याचं माप पाठव.'

लग्न दोन हजार अकराच्या जूनमध्ये झालं. जूनमध्ये हातमोजे कोणी घालत नाही, दोघांनी घातले. नाव त्याच आठवड्यात पाण्यात उतरली, आणि पहिल्या फेरीला मार्ता मावशी पुढे बसली, आणि बंदराबाहेर जाईपर्यंत ओत्सोला वल्हं कसं धरावं ते सांगत राहिली. तिने आयुष्यात वल्हं धरलेलं नव्हतं. पुढे ती दुकान केर्तूच्या हाती देऊन नुसती खिडकीशी बसायची, सकाळी दोघांनी काय लिहिलंय ते केर्तूकडून मोठ्याने वाचून घ्यायची, आणि ओत्सोच्या दोन ओळींना नावं ठेवायची. तिची ती शेवटची वर्षं तिला आवडली; तिने तसं सांगितलंही.

मार्ता मावशी अकरा ऑक्टोबर दोन हजार पंधराला, रविवारी, दुपारचं जेवून आडवी झाली असताना गेली. वय ऐंशी.