तळाच्या सहा पन्हळी

आमची पहिली भेट म्हणजे सरळसरळ टक्कर होती.

मी डोक्यावर नवा कोरा सर्फबोर्ड घेऊन कारखान्यातून समुद्राकडे निघालेले, आणि तो काखेत जुना बोर्ड आडवा धरून समोरून येत होता. गल्ली एवढीशी. त्यात वाऱ्याला चेव आलेला. कोपऱ्यावर मी वळले मात्र, आणि... ठक्!

"डोळे कुठे आहेत तुमचे?" मी ओरडले.

"बोर्डामागे," तो म्हणाला. "तुमचे?"

खरं सांगायचं तर माझेही बोर्डाखालीच होते. पण चूक लगेच कबूल करणं आमच्या घराण्यात नाही. माझ्या बोर्डाला ओरखडासुद्धा आला नव्हता, त्याच्या बोर्डाचं नाक मात्र फुटलं होतं. तो बिचारा त्या फुटक्या नाकावरून असा बोट फिरवत होता, की मला उगाचच वाईट वाटलं.

"उद्या आणा. नीट करून देते. पलीकडच्या आळीत आमचाच कारखाना आहे."

"अच्छा! आधी फोडायचं, मग दुरुस्तीला बोलवायचं!" आणि हसला. हसताना त्याचा एकच गाल हसायचा... हे मला तेव्हाच दिसलं, आणि दिसलं म्हणून मी स्वतःवर चिडले.

दुसऱ्या दिवशी तो आला. आमचे बाबा गेली तीस वर्षं जुन्या धाटणीचे बोर्ड बनवतात. बुटके, पोटाला रुंद, मागे माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले. ते आकार देतात, मी घासते. त्याचा बोर्डही त्याच जमान्यातला होता. मी तो लाकडी घोडीवर पालथा टाकला, तळावरून हात फिरवला आणि थांबले. मागच्या अर्ध्या भागात रंग जरा वेगळा दिसत होता. सहा लांब पट्टे, पार शेपटीपर्यंत गेलेले.

"इथे काय केलंत तुम्ही?"

"ते होय!" त्याची छाती फुगली. "सहा खोल चर पडले होते. मामाने खडकावर घासला असणार. पुट्टी भरली, घासली, परत भरली... चार दिवस लागले. बघा, हाताला काही लागतंय का?"

मी जी हसायला लागले ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. बाबा आतून धावत आले.

"बाबा... यांनी... पन्हळी बुजवल्या!"

बाबांनी वाकून तळ पाहिला, बोट फिरवलं. "काम मात्र सुरेख केलंय," एवढंच म्हणाले आणि परत आत गेले.

त्याचे कान लाल झाले होते. "मी सुतार आहे हो," तो हळूच म्हणाला. "खड्डा दिसला की हात आपोआप पुढे जातो."

गावातल्या नव्या ग्रंथालयात फडताळं बसवायला तो आला होता. महिनाअखेरच्या रविवारी काम संपवून तो आणि त्याची माणसं दुसऱ्या गावी जाणार होती. बोर्ड मामाचा. मामाचे गुडघे गेले, म्हणून भाच्याकडे आला. "मामा म्हणायचा, याला मागून कुणीतरी ढकलतं बघ. मला मेल्याने कधी ढकललं नाही. वळायला गेलं की शेपटीच घसरते, साबणावर पाय पडल्यासारखी."

"घसरेल नाहीतर काय होईल? तळ सपाट केलात, पाणी मोकळं सुटलं. वाटेल तिकडे पळणार." मी त्याच्या तळहातावर बोटाने सहा रेघा ओढल्या. "या पन्हळी मुद्दाम पाडलेल्या असतात. त्या असल्या की पाणी पत्र्यावरच्या पावसासारखं ओळीने मागे जातं. जाता जाता बोर्डाला पुढे रेटतं, आणि कडेला सरकू देत नाही."

तो बोर्डाकडे बघतच नव्हता. तळहाताकडे बघत होता. मी बोट झटकन काढून घेतलं.

"आणि... तोटा काही?"

"वारा असेल तर फजिती. खडबडीत पाण्यात या पन्हळी धडधडतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर सायकल चालवल्यासारखं होतं. यांना शांत पाणी लागतं."

"म्हणजे तुमच्या उलट," तो म्हणाला. मी सॅंडपेपर फेकून मारला.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी यायला लागला. ग्रंथालयाचं काम आटोपून, केसांत लाकडाचा भुसा घेऊन. खिडकीतून तिरपं ऊन आत यायचं, आणि हवेत तरंगणारी पांढरी धूळ त्यात इतकी सावकाश खाली उतरायची की वेळही तिच्याबरोबर हळू झालाय असं वाटायचं. पुट्टी मशीनने काढता येत नाही, खालची फायबरची कातडी फाटते. हाताने, जपून, एकेक पन्हळ मोकळी करायची. मी एका मोडक्या चमच्याच्या दांड्याला सॅंडपेपर गुंडाळून खरवडत बसायचे. तो समोरच्या पिंपावर बसून बडबडायचा.

"मालकीणबाई, भुवया पिकल्या तुमच्या."

"धूळ आहे ती."

"म्हातारपणी छान दिसाल, एवढंच म्हणतोय."

"सुतारबुवा, काम करू द्याल का?"

चौथ्या दिवशी त्याने खिशातून एक वस्तू काढली. लाकडाचा छोटासा ठोकळा, एका बाजूने गोल, अगदी पन्हळीच्या पोटात बसेल असा. दुसरी बाजू माझ्या मुठीच्या मापाची. माप कधी घेतलं कुणास ठाऊक! "यावर कागद गुंडाळा. चमच्याने बोटं सोलवटतात तुमची."

तो गेल्यावर मी ठोकळा वापरून पाहिला. काय सांगू... लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. तासाभरात अर्धी पन्हळ मोकळी. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी हिशेब केला. या वेगाने बोर्ड दोन दिवसांत होईल, आणि बोर्ड झाला की त्याला इथे यायचं काही कारण उरत नाही.

मी ठोकळा खणात ठेवला आणि पुन्हा चमचा उचलला.

बाबांच्या नजरेतून काही सुटत नाही. "सहा पन्हळींना बारा दिवस? एवढ्यात मी होडी बांधली असती," ते म्हणाले. मी म्हटलं, नाजूक काम आहे. ते म्हणाले, "ते दिसतंच आहे मला."

त्यानेही विचारलंच एकदा. "ठोकळा आवडला नाही का?"

"आवडला."

"मग वापरत का नाही?"

"आवडला म्हणूनच," मी म्हणून गेले आणि जीभ चावली. तो पिंपावरून उठून खिडकीपाशी गेला. त्या संध्याकाळी त्याने एकही चेष्टा केली नाही.

पण किती लांबवणार? शेवटच्या आठवड्यात पन्हळी मोकळ्या झाल्या, नाक बसवलं, वरून रेझिनचा हात दिला. रेझिन एका रात्रीत खडखडीत वाळतं. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी बेधडक म्हणाले, "ओलं आहे अजून."

त्याने अंगठा टेकवला. टकटक आवाज येईल इतकं ते वाळलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"हो की," तो गंभीरपणे म्हणाला. "ओलंच आहे. उद्या येतो."

असं रेझिन चार दिवस ओलं राहिलं. शेवटी शनिवारी बाबांनीच बोर्ड उचलून दाराबाहेर ठेवला. "घेऊन जा रे बाबा. नाहीतर ही त्याला म्हातारा करेल."

रविवारी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. अकराची बस होती त्याची. आणि नशीब बघा, वारा सुटलेला! पाणी नुसतं चुरगळलेलं. तो आत गेला, उभा राहिला, तळ धडधडला आणि महाराज डोक्यावर आपटले. तीनदा. बाहेर आला तेव्हा नाकातून पाणी गळत होतं.

"पुट्टीच बरी होती," तो म्हणाला.

एरवी मी हसले असते. तेव्हा रडू आलं. "थांबा ना थोडं. वारा पडेल. पडतो या दिवसांत..."

आम्ही कठड्यावर बसलो. नऊ वाजले. साडेनऊ. तो एकदाही घड्याळाकडे बघत नव्हता, मीच बघत होते. आणि दहाच्या सुमारास वारा पडला. पाणी ताणलेल्या चादरीसारखं सपाट झालं, आणि त्यावर लांबून एकेक लाट निवांत येऊ लागली.

"जा!" मी त्याला ढकललंच.

त्याने पहिलीच लाट धरली. बोर्ड जरा डगमगला, मग त्याने कड दाबली आणि शेपटी घसरली नाही. पाण्याने तिला धरून ठेवलं. मागून कुणीतरी ढकलावं तसा तो सुसाट निघाला, लाटेच्या पोटातून तिरपा, खडकांच्याही पुढे, जिथे तो आजवर कधी पोचला नव्हता. त्याचं ओरडणं मला किनाऱ्यावर ऐकू आलं. माझ्या हातच्या पन्हळी होत्या त्या! मी कपड्यांनिशी गुडघाभर पाण्यात उभी राहून टाळ्या वाजवत होते, आणि मधूनच घड्याळाकडे बघत होते. आता तो जाणार.

तो धापा टाकत माझ्यापुढे आला. "ढकलतं! खरंच ढकलतं!"

"बोर्ड सोमवारीच तयार होता," मी म्हणाले.

"काय?"

"त्याच्या आधीही झाला असता. ठोकळा लपवून ठेवला मी. तू जाऊ नयेस म्हणून. हसायचं असेल तर हस. पण जायच्या आधी ऐकून जा. मला तू आवडतोस. खूप."

तो हसला नाही. ओल्या हाताने त्याने माझी भुवई पुसली, तिथे आज धूळ नव्हती तरी.

"फडताळं मंगळवारीच लागली," तो म्हणाला. "माझी माणसं बुधवारी गेली. तिकडे कळवलंय मी, दुसरा सुतार बघा म्हणून."

"आणि अकराची बस?"

"अकराला बस असेल कुठलीतरी. मी काय तिकीट काढलेलं नाही."

"अरे, मग राहणार कुठे? करणार काय?"

"खोली घेतलीय पुढच्या महिन्याची. ग्रंथपालबाईंना घरी कपाट करून हवंय. त्यांच्या बहिणीला दोन."

"आणि मी काहीच बोलले नसते तर?"

त्याने ओले केस मागे सारले. गालावरून पाणी ओघळत होतं. "तर तीन कपाटं करून गेलो असतो. फार सावकाश केली असती."

मला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे उचकी लागली. मी त्याचा हात धरला. आम्ही पुन्हा कठड्यावर जाऊन बसलो. समोर महिन्यातलं सगळ्यात सुंदर पाणी होतं, लाटेमागून लाट येत होती, बोर्ड वाळूत पालथा पडून होता, आणि दुपारपर्यंत आम्हा दोघांपैकी कुणीही तिकडे फिरकलं नाही.