तोंडातलं शिसं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या घरी घडलंय. मंगळवार होता. दुपारचे साडेतीन, लख्ख ऊन. भुतं अंधारातच येतात वगैरे मला सांगू नका.

मामा धातूच्या मोडक्या मूर्ती दुरुस्त करतो. हातात कला आहे, नाही म्हणत नाही. पण जीभ म्हणजे कात्री. दुसऱ्याचं काम दिसलं की, "कुठल्या गाढवानं केलंय हे?" आणि मामीला दिवसातून दहा वेळा, "तोंड बंद ठेव!"

मामीही काही कमी नव्हती. एकाला दोन ऐकवायची.

त्या दिवशी संग्रहालयातल्या बाई एक मूर्ती देऊन गेल्या. हातभर उंचीची, ब्राँझची गाणारी स्त्री. एक हात तुटलेला. उघड्या तोंडात कुणीतरी शिसं ओतून ते बुजवलेलं.

"फक्त हात जोडा," बाईंनी बजावलं. "तोंडाला हात लावू नका."

"मला शिकवतेय!" त्या गेल्यावर मामा फिसकन हसला. बर्नर पेटवला आणि आधी तोंडच उघडायला घेतलं. दीडशहाणा ना!

शिसं ओघळलं...

आणि बर्नरची ज्योत त्या तोंडात ओढली गेली.

खिडक्या बंद होत्या. वाऱ्याचा मागमूस नव्हता.

बाहेर मामी कपडे वाळत घालत होती. "अहो, ही दोरी तुटायला आलीय. किती वेळा सांगितलं तुम्हाला..."

पुढे काहीच नाही.

"सुटलो एकदाचा," मामा म्हणाला.

पंधरा मिनिटांनी त्यानं मान वर केली. मामी दारात उभी होती. ओठ हलत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या...

आवाज नव्हता.

डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे.

मामानं फोन केल्यावर संग्रहालयातल्या बाई धावत आल्या आणि मूर्तीचं उघडं तोंड बघून ओरडल्याच. "मागे आमच्या पहारेकऱ्याचा आवाज असाच गेला होता. तोंड बुजवल्यावर परत आला. आत्ताच्या आत्ता बुजवा!"

मामानं शिसं वितळवलं. मूर्तीवर वाकला...

"अहो, दमलात का?"

आवाज मूर्तीतून आला. मामीचाच.

"तुमच्यासारखा कारागीर शोधून सापडणार नाही हो."

तीस वर्षांत मामी असं एकदाही बोलली नव्हती. मामानं शिसं खाली ठेवलं.

मामीनं कागदावर लिहून त्याच्या नाकासमोर धरलं, "ती मी नाही. बुजवा."

"उद्या करतो."

आठ महिने झाले, तो उद्या काही उगवत नाही. बाई मूर्ती मागायला गेल्या तर मामा दार उघडत नाही. दिवसभर मूर्तीसमोर बसून स्वतःचं कौतुक ऐकतो. लाज नाही मेल्याला! मामी तेव्हापासून माझ्याकडे राहते.

परवा त्याचा फोन आला. "घे, मामीशी बोल."

"कशी आहेस गं बाळा?" इतका गोड आवाज... "मी मजेत आहे. पण एक सांग, तुझ्या घरी येऊन राहिलीय ती बाई कोण?"

मामी समोरच बसून माझ्या मुलीची वेणी घालत होती. मी फोन कट केला. तिनं खुणेनं विचारलं, कुणाचा गं?

राँग नंबर, म्हटलं.