एका वेळी एकच ओळ

धाराशिवच्या एसटी स्टँडवर पाण्याच्या नळाला ही लांब रांग होती आणि रांगेत उभं राहून अयोध्याचा जीव मेटाकुटीला आला होता. सत्त्याऐंशी साल. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलेलं. अशात मागून कुणीतरी विचारलं, "अहो… कारखान्याकडं जाणारी गाडी कुठं लागते?"

तिनं वळून बघितलं. उंच, किडकिडीत पोरगा. चष्म्यावर धूळ. दोन्ही हातांनी एक भलंमोठं खोकं छातीशी धरलेलं, लेकरू धरावं तसं.

"कारखान्यात कुणाकडं?"

"शेतकी खात्यात. गाव सोलापूर… प्रोग्रामसाठी आलोय."

झालं! अयोध्याच्या काळजात धस्स झालं. मामानं सोलापूरकडचं एक स्थळ आणलंय, हे तिच्या कानावर होतं. आणि आमच्याकडं प्रोग्राम म्हटलं की मुलगी बघायचा, दुसरा कुठला? ती स्वतः शेतकी खात्यात टायपिस्ट. म्हणजे हा बाबा घरी न येता थेट ऑफिसातच बघायला निघाला की काय! तोही एकटा! कमालच म्हणायची.

"हे बघा," ती एका दमात म्हणाली, "मुलगी नोकरी सोडणार न्हाई. आधीच सांगून ठेवते."

तो गोंधळला. "मुलगी? मला तर… मशीन आहे एवढंच सांगितलंय."

"मशीन?"

"कॉम्प्युटर. त्यावर ऊसतोडीचा प्रोग्राम बसवायचाय." मग हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि कान लालेलाल झाले. "तुम्हाला काय वाटलं?"

"काही न्हाई! गाडी तिकडं लागते." रांग सोडून, बाटली रिकामीच घेऊन ती सटकली. पण सटकून जाणार कुठं? गाडी एकच. आणि गाडीत जागाही एकच उरलेली, नेमकी तिच्या शेजारची. खोकं मांडीवर घेऊन तो अंग चोरून बसला. नाव पंचाक्षरी, कंपनी पुण्याची, एवढं त्यानं आपणहून सांगितलं.

तिनं बोटं मोजली. "पं-चा-क्ष-री. ही तर चारच झाली. पाचवं कुठं गेलं?"

"एडिटरनं खाल्लं असेल."

"म्हणजे?"

"उद्या दाखवतो. तुम्हीसुद्धा शिव्या घालाल."

आणि खरंच घातल्या तिनं. एडिटर म्हणजे कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायची पाटी. पण ही पाटी मोठी खाष्ट. एका वेळी एकच ओळ दुरुस्त करू देणार. दुसरी पाहिजे तर नंबर सांगून मागायची. मधली एखादी ओळ खोडली की खालच्या सगळ्यांचे नंबर वर सरकणार, आणि जुन्या नंबरावर भरवसा ठेवून दुसरी खोडायला जावं तर भलतीच गायब! गेली ती गेली. परत आणायची सोय नाही. बंद करताना चुकीचं अक्षर दाबलं तर दिवसभराचं काम पाण्यात.

"ज्यानं हा एडिटर बनवला ना," पंचाक्षरी केस ओढत म्हणायचा, "त्याला कोंडून घालून ह्याच्यावरच त्याचं चरित्र लिहायला लावलं पाहिजे!"

"हळू बोला. आमचे शेतकी अधिकारी, तात्यासाहेब, शेजारच्या खोलीत हायेत."

शेवटी त्यानंच युक्ती काढली. अख्खा प्रोग्राम कागदावर छापायचा. त्या खोक्यात कागदच होता, पानाला पान जोडलेला. खुर्चीशेजारी सतरंजी टाकून अयोध्यानं तो लांबच्या लांब पसरायचा आणि नंबर सांगायचे. त्यानं बटणं मारायची.

"दोनशे दहा. लागवडीची तारीख."

"आहे."

"दोनशे अकरा. गावाचं नाव."

"आहे."

"दोनशे बारा… अहो, पडद्याकडं बघा की. माझ्याकडं काय बघता?"

"तुम्ही आहात का, ते तपासत होतो."

"हाय. पुढं चला."

ती खाली मान घालून हसायची आणि मग हटकून ओळ चुकायची. कागदावरून बोट फिरवताना त्याच्या चपलेला बोट लागायचं, दोघंही चटकन मागं सरायची. महिना उलटला. अयोध्याला रविवार नकोसा व्हायला लागला. आता तुम्हीच सांगा, नोकरी करणाऱ्या माणसाला रविवार नकोसा होतो, तेव्हा दुसरं काय समजायचं?

पण गोष्ट एवढ्यावर गोड मानून घेण्यासारखी नव्हती. कुणाचा ऊस आधी तोडायचा, हे आजवर वजनदार लोक ठरवत आले होते. यंदा विहिरी आटलेल्या, ऊस उभ्या जागी वाळत चाललेला. तात्यासाहेबांनी पहिल्यांदाच ठणकावून सांगितलं होतं, "लागवडीच्या तारखेनं पाळी लागंल. मशीनला कुणाचा मेव्हणा-पाव्हणा कळत न्हाई." मात्र मशीनमधून पाळीची यादी निघेपर्यंत जुनीच रीत. बॉयलर पेटला होता आणि बड्यांच्या उसाच्या गाड्या आत यायला लागल्या होत्या.

गावी, बेंबळीला, अयोध्याच्या वडलांचा, कोंडीरामचा, ऊस पाळीची वाट बघत उभा होता. ती संध्याकाळी दारात आली की ते एकच विचारायचे, "लागली का गं यादी?"

"न्हाई आबा. एडिटर लई तरास देतोय."

"त्याला काय लाच द्यायची असंल तर सांग," म्हणून ते हसायचे. पण हसणं दिवसेंदिवस कोरडं होत चाललं होतं.

अन् एक दिवस पुण्याहून ट्रंक कॉल आला. पंचाक्षरी चहा आणायला गेला होता, म्हणून फोन तिनंच उचलला.

"पंचाक्षरींना विचारा, नवा एडिटर कसा चालतोय?" पलीकडचा माणूस उत्साहात होता. "पानभर प्रोग्राम एकदम दिसतो ना? फ्लॉपी त्यांना निघतानाच दिली होती आम्ही."

तिनं फोन ठेवला. दोन कप सांभाळत पंचाक्षरी आत आला आणि तिचा चेहरा बघून दारातच थबकला.

"नव्या एडिटरची फ्लॉपी कुठं हाय?"

त्यानं कप टेबलावर ठेवले. "बॅगेत."

"लावली का न्हाई?"

तो खाली बघत म्हणाला, "आधी नुसतं राहून गेलं. मग… मग ती लावली असती तर कागद पसरायला लागला नसता. नंबर सांगायला कुणी लागलं नसतं. तुम्ही उठून तुमच्या टायपिंगला गेला असता."

अयोध्याच्या काळजानं एक उडी मारलीच, खोटं कशाला बोलू! अख्खा महिना ज्याच्या नावानं दोघांनी बोटं मोडली, तो एडिटर ह्यानं आपल्यासाठी सांभाळून ठेवला होता. पण दुसऱ्याच क्षणी दारात उभे असलेले आबा तिला आठवले.

"माझा बाप रोज विचारतो, यादी लागली का," ती म्हणाली. "आणि तुम्ही मला शेजारी बसवायला ऊस वाळवला?"

"एवढा विचार मी—"

"केलाच न्हाई! तोंड होतं ना तुम्हाला? सांगायचं होतं. बसले असते मी. कागद नसता तरी बसले असते!"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. डोळे भरून आले, त्याचा आणखीनच राग आला. "लावा ती फ्लॉपी. आणि नंबर सांगायला मला हाक मारू नका."

ती टाइपरायटरपाशी जाऊन बसली. पलीकडून दिवसभर बटणांचा आवाज येत होता, भराभर, न अडखळता. एकदाही शिवी ऐकू आली नाही. काम चांगलं चाललं होतं आणि तिला ते ऐकवत नव्हतं.

पाचसहा दिवसांत यादी फळ्यावर लागली. बड्यांची नावं खाली गेली, तोंडं वाकडी झाली, पण पाळी सरळ लागली. कोंडीरामची पाळी येईपर्यंत मात्र बांधाकडचा पट्टा वाळून नुसतं चिपाड झाला होता.

तोड चालू होती तो रविवार होता. अयोध्या भाकरी घेऊन शेतात आली, तर बांधावरून पंचाक्षरी चालत येताना दिसला. तिच्याकडं न बघता तो सरळ कोंडीरामपुढं जाऊन उभा राहिला.

"काका, तुमचा एवढा ऊस माझ्यामुळं गेला."

"मशीन बिघडलं व्हतं म्हनं?"

"मशीन नाही. चांगलं साधन जवळ असून मीच वापरलं नाही."

"का बरं?"

"नाहीतर तुमची मुलगी… शेजारून उठून गेली असती."

तोडणाऱ्यांचे कोयते थांबले. कोंडीराम वाळलेल्या पट्ट्याकडं बघत राहिले. राग तर आलाच होता, तो त्यांनी लपवला नाही. "हे तुला कुनी सांगाय लावलं?"

"कुणी नाही. तात्यासाहेबांना सांगितलं, मग तुम्हालाही सांगायला पाहिजे होतं."

"आन् हिला इचारलंस?"

"नाही अजून."

"आरं, मग माझ्याशी काय बोलत बसलाईस?" कोंडीरामनी कोयता उचलला आणि ते उसात शिरले. "ए, तोडा रं! तमाशा हाय का हितं?"

दोघं उरली. ऊन मी म्हणत होतं.

"पुण्याला बोलावलंय," तो म्हणाला. "परवा निघतो. महिन्याकाठी एकदा येईन, मशीन बघायला."

"जा की. आता पानभर दिसतंय तुम्हाला. माझी काय गरज?"

"गरज नाहीच. गरज नसताना… बसाल शेजारी?"

तिचा राग पुरता गेला नव्हता. वाळलेला पट्टा डोळ्यांसमोरच होता, आणि तो ती विसरणारही नव्हती. पण कुणी विचारलेलं नसताना हा माणूस एवढ्या उन्हात येऊन तिच्या बापासमोर खरं बोलला होता. ते तिला आवडलं होतं… लई आवडलं होतं.

"जन्माचं असं उभ्यानं विचारतात व्हय?" ती बांधावर बसली. पदर आवरून तिनं शेजारी जागा केली. "बसा आधी."

तो बसला.

"बसंन," अयोध्या म्हणाली.